म्हशीचं कॅल्शियम पिल्लाला

मंडळी, आज सकाळी शेजारच्या नानांशी माझं वाजलं. त्यांच्या ग्रेट डेनच्या पिल्लाला ते दुभत्या म्हशींना देतात ते बाटलीतलं कॅल्शियम पाजत होते. म्हणे, "मोठं हाड शे, जास्तीच लागी."

मी बाटली सरळ काढून घेतली. नव्वद साली पिंप्राळ्यात मीही असाच विचार करून आमच्या अल्सेशियन पिल्लाला, वाघ्याला, गोठ्यातल्या म्हशीची बाटली रोज पाजली होती. काही महिन्यांत त्याचे पुढचे पाय वाकले. धुळ्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियम कमी नाही, जास्त झालंय."

नाना रुसलेत. रुसू देत. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय बाटली परत मिळणार नाही.

तुम्ही तुमच्या पिल्लाला काय पाजताय, आणि कोणाला विचारून?

वाघ्या शेवटपर्यंत लंगडला. तरी म्हशीसाठी मी ती बाटली काढली की शेपटी हलवत यायचा.