बैलाभोवती बसलेली गिधाडं

माझ्या नातवंडांनी गिधाड पाहिलेलं नाही. आमच्या माळावर आता कारखान्यांच्या शेड आहेत आणि त्यांच्या पत्र्यांवर फार तर कबुतरं बसतात. "आजी, गिधाड म्हणजे तो घाणेरडा पक्षी ना?" असं धाकटी नात परवा म्हणाली, तेव्हा मी तिच्यावर एवढ्या जोरात ओरडले की बिचारी पाण्याचा ग्लास तिथंच ठेवून आत पळाली. मग मलाच वाईट वाटलं. तिला काय माहीत, मी त्यांच्यासमोर एक अख्खी दुपार बसलेली आहे ते.

मी लग्न होऊन चाकणजवळच्या या गावात आले, तेव्हा पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, त्यात माझे यजमान कामाला लागले होते. ते तिकडंच खोली करून राहत आणि आठवड्याच्या सुट्टीला सायकल हाणत घरी येत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. म्हणजे घरात मी आणि मामंजी, गोठ्यात खिलारी बैलांची जोडी, आणि समोर डोळे दमतील एवढा माळ.

त्या माळाच्या टोकाला गावची मेलेली जनावरं टाकायची जागा होती. बायका त्या बाजूला बघायच्याही नाहीत. गिधाड घरावर बसलं तर शांत करावी लागते, असं मानणारं आमचं गाव. मी मात्र पहिल्यापासून त्यांच्या नादाला लागले. जनावर टाकलं की मी मागच्या दारात उभी राहायची. आभाळ स्वच्छ, एक ठिपका नाही. भाकरी थापून तवा उतरवेपर्यंत एक ठिपका दिसायचा, मग चार, मग मोजायचं सोडून द्यावं लागायचं. कुठून येत होती? त्यांना कोण सांगत होतं? कावळा कावकाव करून गाव गोळा करतो, पण यांच्यात कुणी हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. पंख न हलवता गोल गोल खाली यायची, आणि उतरताना वाऱ्याचा असा आवाज व्हायचा की अंगावर काटा उभा राहायचा. तासाभरात तिथं नुसती हाडं. ना घाण, ना वास. मामंजी म्हणायचे, "पोरी, देवळात जावं तशी काय उभी राहतीस त्यांच्यापुढं?" मी हसून आत जायची.

याच नादापायी आमचा बैल मरायला टेकला. चूक माझी होती, आणि ती मी कधी कुणावर ढकलली नाही.

वैशाखातली सकाळ होती. मामंजींनी पहाटेपासून नांगर धरला होता. ऊन तापायला लागलं तसं त्यांनी औत सोडलं आणि बैल पाण्यावर न्यायला माझ्या हाती दिले. पाणी पाजून मी त्यांना बांधावरच्या बाभळीला बांधायला लागले. उजवा बांधून झाला. डाव्याचं दावं हातात होतं, तेवढ्यात समोर नजर गेली. ओढ्याकाठच्या मोठ्या आंब्यावर पंचवीस-तीस गिधाडं बसली होती आणि सगळ्यांनी पंख पसरून उन्हाला धरले होते. एकेक पंख वाळत घातलेल्या पंचाएवढा. अजिबात हलत नव्हती. मी बघत राहिले आणि हातांनी आपली कशीतरी गाठ मारली. मग ती गिधाडं जवळून बघायला ओढ्यापर्यंत चालत गेले. किती वेळ गेला ते ठाऊक नाही.

परत आले तर दावं बाभळीशी पडलेलं आणि बैल शेजारच्या वाफ्यात. तो वाफा होता टांगेवाल्या चाचांचा. त्यांची एक म्हातारी घोडी होती. तिच्यावर चाकण-देहू टांगा चालायचा आणि टांग्यावर त्यांचं घर. घोडीसाठी त्यांनी मोटेच्या पाण्यावर लसूणघास केला होता, उन्हाळ्यात सगळ्या शिवारात हिरवं म्हणाल तर तेवढंच. बैलानं त्यात घुसून पोटाला तडस लागेपर्यंत ओला घास खाल्ला होता.

पोट फुगायला वेळ लागला नाही. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा तो खळगा, वर येऊन ढोलासारखी ताणली. बैल दोन पावलं हलला, पाय फाकले आणि चाचांच्या बांधालगत माळावर खाली बसला. मी बोंब मारली तसे मामंजी आणि चाचा दोघंही पळत आले.

आपला घास कुणी खाल्ला, किती तुडवला, याकडे चाचांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी लिंबाची जाडशी काडी तोडली, ती बैलाच्या तोंडात आडवी घातली आणि दोरीनं दोन्ही शिंगांना बांधली. "चघळत ऱ्हायला पायजे. ढेकर आला तर वाचंल," ते म्हणाले. मग दोघांनी बैलाला रेटून त्याचं तोंड चढाकडे केलं आणि अंगाला भरलेली पोती टेकवली, म्हणजे तो आडवा पडू नये. मी घरातून गोडेतेल, ओवा आणि हिंग आणलं. बांबूच्या नळकांड्यानं मामंजींनी ते पाजलं. निम्मं बाहेर आलं.

"भाऊ, डाक्टरला आणतो," चाचा म्हणाले. चाकण तिथून तीन कोस. टांगा जुंपण्यात वेळ जाईल म्हणून त्यांनी नुसता लगाम घातला, घोडीच्या उघड्या पाठीवर मांड टाकली आणि तिला दामटत गेले. त्या वयात ती कशी पळाली कोण जाणे.

मामंजी खाली बसून पोती पुन्हा पुन्हा नीट टेकवत राहिले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एक बैल गेला तर दुसऱ्याचा काय उपयोग, पेरणी तोंडावर आलेली, हे मला सांगायची गरज नव्हती. मी भकाळी चोळत राहिले आणि रडत राहिले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बैलाच्या पांढऱ्या पाठीवरून एक सावली सरकत गेली. मी वर पाहिलं. मग दुसरी सावली. थोड्या वेळानं वीस-तीस हातांवर पहिलं गिधाड उतरलं. दहा-पाच पावलं बेंगरूळ उड्या मारत आलं आणि पंख मिटून बसलं.

"मुडद्यांनो, अजून जित्ता हाय तो!" मी ढेकूळ उचलून मारलं. ते थोडं सरकलं आणि पुन्हा बसलं. तोवर आणखी सहा आली होती. मी शिव्या देत धावायची, ती उड्या मारत मागं जायची, मी वळले की पुन्हा होती तिथं. शेवटी माझाच दम संपला. चाळीसेक तरी असतील, बैलाभोवती आणि आमच्याभोवती गोल करून बसलेली. त्यांच्यात लाल डोक्याचं, काळं कुळकुळीत असं एकच होतं. ते चालत आलं की बाकीची बाजूला व्हायची. त्यानं सगळ्यांच्या पुढं जागा धरली.

एवढ्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उघडी मान, तिच्याखाली कापसासारख्या पिसांची पट्टी, आणि डोळे अगदी शांत. मला वाटलं होतं त्या डोळ्यांत हाव असेल. हाव नव्हती. भांडण नव्हतं, आवाज नव्हता. सगळ्यांच्या नजरा बैलाच्या बरगड्यांवर होत्या. बैलाचा श्वास अडखळला की लाल डोक्याचं एक पाऊल पुढं यायचं, आणि त्याच्यामागून सगळी यायची. श्वास पुन्हा चालू झाला की ते थांबायचं. मी बैलाच्या अंगाला अंग लावून बसले होते, माझा तळवा त्याच्या पोटावर होता, तरी श्वास अडखळल्याचं माझ्या आधी त्याला कळत होतं. माझा राग कुठे गेला ते मला समजलं नाही. मला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांच्यावरून नजरही हटत नव्हती. इतकं मन लावून आमच्या बैलाकडे आमच्यापैकी कुणी आयुष्यात बघितलं नसेल.

मामंजी उठले. त्यांच्या हातात विळा होता. मला कळलं. मरणाऱ्या बैलाची वेसण कापायची आमच्याकडे रीत होती. जन्मभर नाकात दोरी वागवली, आता जाताना तरी मोकळं जावं, म्हणून. एकदा वेसण कापली की मग त्या जनावराला कुणी औषध पाजत नसे.

"गिधाडं बसली, पोरी. आता काय ऱ्हायलं?"

मी त्यांचा हात धरला. सासऱ्याचा हात धरायचा तो काळ नव्हता. "मामंजी, न्हाई. ती बघा कुठं बसल्यात. मघाशी पाच पावलं फुडं आली हुती, ती परत मागं सरल्यात. त्यास्नी कळतंय. अजून न्हाई."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग गिधाडांकडे. त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं असावं. बैलानं एक लांब श्वास घेतला आणि लाल डोक्याचं गिधाड एक पाऊल मागं गेलं. मामंजींच्या हातातला विळा खाली आला. ते माझ्याशेजारी बसले आणि दुसऱ्या बाजूनं भकाळी चोळायला लागले.

मग आम्ही दोघांनी तेच केलं. ती पुढं आली की तेल पाजायचं, तोंडातली काडी हलवायची, जोर लावून चोळायचं. ती मागं गेली की दम खायचा. आता हे सांगताना हसू येतं, पण त्या दुपारी बैलाचे डॉक्टर तीच होती.

ऊन कलायला लागलं असेल, आणि एकाएकी सगळ्यांनी माना वळवल्या. एकदम, एकाच बाजूला. आम्ही काहीच ऐकलं नव्हतं, दिसत तर नव्हतंच. लाल डोक्याचं चार पावलं पळालं आणि उचललं गेलं, मागोमाग सगळी. धुळीचा आणि वाऱ्याचा असा लोट आला की मी बैलाच्या तोंडावर पदर धरला. डोळे उघडले तर माळ रिकामा होता.

मला वाटलं त्यांनी निकाल दिला. बैल जगला, आता आपलं इथं काम नाही, म्हणून ती गेली. मी उभी राहून त्यांच्या दिशेला हात जोडले. आणि खरंच, थोड्याच वेळात बैलाच्या पोटात गुडगुडलं, त्यानं मान लांब केली आणि असा ढेकर दिला की आंबट वासानं आम्ही दोघंही मागं सरलो. पुन्हा एक, पुन्हा एक. माझ्या हाताखाली भकाळी मऊ होत गेली. घटकाभरानं तो धडपडत चार पायांवर उभा राहिला आणि शेण टाकलं. मामंजी हसले. मी त्याच्या मानेला मिठी मारून मोठमोठ्यानं रडले. आनंदानं. देवाचे आभार मानले, गिधाडांचे मानले, कुणाकुणाचे मानले.

मामंजींचं हसू मात्र मध्येच थांबलं. ते चाकणच्या दिशेला बघत होते.

"ती गेली न्हाईत, पोरी," ते म्हणाले. "तिकडं उतरत्यात."

मी वळून पाहिलं. कोसभर लांब, रस्त्याच्या अंगाला, आभाळात काळं चक्र फिरत होतं आणि त्यातून एकेक ठिपका खाली गळत होता. त्यांनी आमच्या बैलाचा काही निकाल दिला नव्हता. त्यांना दुसरीकडचं कळलं होतं, एवढंच. कुणाचं तरी जनावर असेल, असं मी म्हणणार होते. पण त्या रस्त्यानं त्या उन्हात कोण गेलं होतं, हे मला माहीत होतं, आणि मामंजींनाही. चाचांना आता परत यायला हवं होतं.

मामंजींनी पाण्याची घागर उचलली आणि चालायला लागले. ते शेताच्या टोकाला पोचले असतील नसतील, तेवढ्यात चढावरून चाचा येताना दिसले. पायी. पागोटं हातात होतं, अंगावर पांढरी धूळ होती आणि खांद्यावर लगाम होता. घोडी नव्हती.

मामंजी घागर घेऊन तसेच उभे राहिले. चाचा त्यांच्याजवळून पुढं आले. माझ्यापासून दहा पावलांवर थांबले, उन्हामुळे डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "डाक्टर सांजच्याला येतो म्हणालेत. बैल कसा हाय, सूनबाई? उठला का?"

मी नुसती बाजूला झाले. माझ्यामागं बैल उभा होता, तोंडातली काडी चघळत.

"उठला की!" चाचा म्हणाले. चेहरा उजळला त्यांचा, मी तो पाहिला. त्यांनी जवळ येऊन बैलाच्या भकाळीवर हात ठेवला, दाबून बघितलं, आणि मग लगाम खांद्यावरून न काढता तिथंच मातीत खाली बसले.