छतातला दिवा आणि मावशींची काडेपेटी

मी गाडीच्या पुढच्या सीटवर छताकडं तोंड करून बसलो होतो. दोन्ही हात वर, मान वाकडी. तेवढ्यात मागच्या सीटवर काडेपेटी खुळखुळली.

"मावशी," मी म्हणालो, "काडी ओढू नका."

माझा आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

आता जरा मागून सांगतो. लातुरात नांदेड रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाडीचं इंजिन मी उघडत नाही. वायर, बॅटरी, हॉर्न, दिवे, एवढंच माझं काम. लोक म्हणतात, सगळ्यात सोपं काम तुमचं. असेल. पण मी जन्माचा भित्रा माणूस आहे आणि या धंद्यात भित्राच टिकतो, असं माझं मत आहे. माझ्या बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, भित्रा तो भित्राच, त्याला धंद्याचं नाव कशाला?

त्या दिवशी दुपारी रेणापूरचे कांबळे सर आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गाडी जुनी, माझ्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून मी तिच्या वायरी जोडत आलोय. मागं त्यांच्या आई बसल्या होत्या, कौसाबाई. डायलिसिस करून आलेल्या. म्हणजे किडनीचं काम मशीनकडून करून घ्यायचं, त्यासाठी रेणापूरहून लातूरला सारखी ये-जा. पहाटे अंधारात निघावं लागतं. मागच्या खेपेला गाडीत बसताना मावशींचा पाय चुकला आणि त्या दाराच्या कडेवर आपटल्या. हातावर हे एवढं काळंनिळं.

"मिस्त्री, आतले दिवे लावून द्या," सर म्हणाले. "छतातला, डिकीतला, सगळे. किती वर्षं झाली, बंदच हायत. मायला पाय कुठं ठिवावा ते दिसना गेलंय."

"एवढंच ना? बसा."

आतल्या दिव्याचा बल्ब तुमच्या घरातल्या बल्बसारखा नसतो. काचेची बारकी नळी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. त्याला फेस्टून म्हणतात. दोन पत्र्यांच्या चिमट्यात तो अडकवायचा. दिव्याला करंट कायम आलेला असतो, चावी नसली तरी. बटण असतं ते दाराच्या चौकटीत, खालच्या बाजूला. दार लावलं की ते दाबलं जातं, दिवा बंद. दार उघडलं की ते बाहेर येतं, दिवा चालू. डिकीचंही तसंच. सोपं आहे. फक्त बटण जोडलं जाताना आत एक बारीक ठिणगी पडते. कधी दिसते, कधी दिसत नाही. त्या दिवसापर्यंत तिचा विचार करायचं मला काही कारण नव्हतं.

आधी डिकी घेतली. सरांनी आतलं सामान बाहेर काढलं. घडीची व्हीलचेअर, पाण्याचा कॅन, चादरी, आणि काच खालीवर करायचं हँडल. चार दारांना मिळून एकच उरलेलं. लागेल त्या दाराला लावायचं, काढून परत डिकीत टाकायचं. जुन्या गाडीवाल्यांचा हा रिवाजच आहे. डिकीत मागच्या सीटला चिकटून गॅसची टाकी होती. गाडी गॅसवर चालायची. मी बटण घासून साफ केलं, बल्ब बसवला, लख्ख पेटला. सरांनी सामान परत भरलं. व्हीलचेअर बसेना, तर गुडघा लावून आत रेटली आणि डिकी आपटून बंद केली.

"लागतंय बगा मिस्त्री, अशी दाबल्याबिगर ती जातच न्हाई."

मग छतातला. दारांची बटणंही घासून साफ केली. दारं उघडी ठेवून बल्ब बसवला. पेटला. मावशींनी वर बघून हात जोडले. मला बरं वाटलं. दिव्याला हात जोडणारं गिऱ्हाईक रोज कुठं भेटतं?

आता दार लावल्यावर तो बंद होतो का ते बघायचं होतं. नाही झाला तर रात्रीतून बॅटरी खलास, आणि सकाळी सर माझ्या नावानं खडे फोडणार. मी चारी दारं लावून पुढं बसलो. मावशी मागं होत्याच. डायलिसिसनंतर त्यांना हुडहुडी भरते म्हणून काचाही वर होत्या. सर बाहेर फोनवर बोलत होते. दिवा बंद झाला. काम फत्ते. दिव्यावरची काच बसवायला मी हात वर केले.

आणि वास आला.

दुकानात पेट्रोल, ऑइल, थिनर, सगळ्याचा वास असतो. नाक मेलेलं असतं माझं. पण हा वास सगळ्यांच्या वरून आला. स्वयंपाकघरातला. आणि त्याच्यासोबत मागच्या सीटच्या पाठीमागून बारीक आवाज, सुस्स करून. कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसा.

काडेपेटी खुळखुळली ती तेव्हा.

"काडी ओढू नका, मावशी."

"कामून रं? वास मारायलाय की. उदबत्ती लावते." त्यांच्या मांडीवर उदबत्तीचा पुडा होता. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर राखेची वाटी. "ही गाडी हमेशाच वास मारती. उदबत्ती लावली की बरं वाटतंय."

म्हणजे गॅस गळतोय, आणि माय-लेक त्याच्यावर उदबत्तीचा उतारा करतायत. इतके दिवस. आज तर व्हीलचेअर गुडघ्यानं रेटताना टाकीच्या नळीचा जोड पुरताच हललेला.

मी सीटवरून मागं वाकलो आणि मावशींचा हात धरला, काडेपेटीसकट. थंडगार हात. मनगटाच्या वर सुयांच्या खुणा. जोरात धरायलाही भीती वाटली.

"मावशी, गॅस आहे. काडी ओढली तर आपण दोघं जळू."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काडेपेटी सोडली. मी ती खिशात घातली. आता दार उघडायचं आणि मावशींना बाहेर काढायचं, असं म्हणून मी दाराच्या कडीला हात घातला. आणि हात तिथंच थिजला.

दार उघडलं की बटण बाहेर येणार. बटण बाहेर आलं की ठिणगी. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, आणि बटणही खालीच. वर्षानुवर्षं दिवे बंद होते तोवर ते बटण मेलेलं होतं. मीच ते घासूनपुसून जिवंत केलं होतं. तासाभरापूर्वी.

काच खाली करावी, तर दाराला हँडल नाही. ते डिकीत. डिकी उघडली तर तिथं दुसरा दिवा, तोही मीच लावलेला.

घाम फुटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कानामागून ओघळ सुरू झाला. आणि समोर बघतो तर सर फोन खिशात टाकून गाडीकडं येत होते. हात पुढं, सरळ माझ्या दाराच्या कडीकडं.

मी लॉकची खुंटी खाली दाबली. दुसऱ्या हातानं बाकीच्या दारांची दाबली. मागची एक मावशींनी, मी न सांगता.

सरांनी कडी ओढली. दार उघडेना.

"मिस्त्री? लॉक कामून केलं?"

"सर, दार उघडू नका! लांब व्हा!"

बंद काचेतून त्यांना काय ऐकू गेलं कोण जाणे. त्यांना एवढंच दिसलं, की मी ओरडतोय आणि मागं आई डोळे मिटून बसल्यात. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"माय! मायला काय झालं? उघडा!"

आणि त्यांनी खिशातून चावी काढली.

बल्ब. एकच उपाय होता. दारं बंद होती, दिवा बंद होता, म्हणजे बल्बमधून करंट जात नव्हता. आत्ता काढला तर ठिणगी पडणार नाही. पण आत्ताच. मी वर हात घातला. नवा बल्ब, घट्ट चिमटे, घामानं ओली बोटं. काच हातातून सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. बाहेर चावी दाराच्या भोकाशी खडखडत होती. घाईत सरांना भोक सापडत नव्हतं. तेवढंच माझं नशीब. मी बोटं शर्टाला पुसली, एक टोक नखानं उचललं आणि बल्ब हिसकला. काच फुटून अंगठ्यात घुसली. त्याच दमात दार उघडलं.

दिवा लागला नाही. काहीच झालं नाही. मी डोळे घट्ट मिटले होते, ते उघडले.

"मायला उचला," मी म्हणालो. "डिकीला हात लावू नका. गॅस आहे."

सरांनी आईला लेकरासारखं उचललं आणि रस्त्याच्या पलीकडच्या लिंबाखाली नेलं. मी सगळी दारं उघडून त्यांच्या मागं पळालो. शेजारच्या टपरीवाल्याला स्टोव्ह विझवायला लावला. गाडीत वारा खेळू दिला. वास ओसरल्यावर डॅशबोर्डखालचा दिव्यांचा फ्यूज ओढून काढला. आता डिकीचा दिवाही मेला. मग डिकी उघडली, व्हीलचेअर बाजूला केली आणि टाकीचा कॉक हातानं बंद केला. जोडावरची नळी बोट लावलं की हलत होती.

लिंबाखाली परत आलो तेव्हा सर जमिनीवरच बसले होते. "गॅसची गाडी हाय, थोडा वास यायचाच, आसं सगळेच म्हणत्यात," ते म्हणाले. "मी बी तेच म्हणलो." मग ते रडले. मी दुसरीकडं बघितलं. मलाही रडू येत होतं, पण गिऱ्हाइकासमोर कसं रडणार?

मावशी मात्र माझ्या अंगठ्याकडं बघत होत्या. पदराची चिंधी फाडून त्यांनी तो बांधला आणि विचारलं, "मंग दिवा ऱ्हायलाच का आता?"

गाडी ढकलत गॅस किटवाल्याकडं नेली. नवी नळी, नवा जोड, टाकीभोवती लोखंडी जाळी. मग ती माझ्याकडं आली आणि मी छतातला दिवा परत बसवला. त्या दिवसापासून मी दिव्याच्या कामालाही पहिला प्रश्न विचारतो, गाडी कशावर चालते? लोक हसतात. दिव्याला त्याच्याशी काय करायचंय, म्हणतात. हसू द्या. गाडीत वास आला तर तो झाकू नका, कुठून येतो ते बघा. मला ठाऊक असलेलं शहाणपण एवढंच.

पुढच्या खेपेला मावशी आल्या. उदबत्ती त्यांनी सोडली नव्हती, फक्त गाडीत लावायची सोडली होती. गाडी निघण्याआधी माझ्या दुकानाच्या पायरीवर त्यांनी पुडा काढला.

"मिस्त्री, आज तुमीच लावा. तुमच्या हातून लागू द्या."

त्यांची काडेपेटी तेव्हापासून माझ्या गल्ल्यातच पडून होती. मी ती काढली, काडी घेतली, पेटीवर टेकवली. उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, भर वाऱ्यात. काही धोका नव्हता, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

काडी काही ओढता आली नाही. शेवटी मावशींनीच माझ्या हातातून घेतली.