आखाजीला न झालेलं उद्घाटन

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीत संगणक विभागाची प्रमुख होते. विभाग म्हणजे मी, दोन पदवीधर मुली आणि एक रिकामी खोली. संगणक अजून यायचा होता. तो निवडायचा, विकत घ्यायचा, त्यावरचं सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं आणि गिरणीच्या कामाला लावायचं, हे सगळं माझ्याकडे होतं. लग्नाआधी पुण्यात मी हेच काम केलं होतं, त्यामुळे भीती अशी वाटली नाही.

गिरणीच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. धोतर, पांढरी टोपी आणि मोठा आवाज. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "ताई, बठ्ठं एकदमच करी टाका ना. हजेरी, कापूस, गोदाम, सूत."

"आबा, सगळं एकदम केलं तर एकदम अडेल," मी म्हटलं. "आधी फक्त गोदाम करू. ते सुरळीत चाललं की हजेरी. मग पुढचं."

त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली. गिरणीही त्यांनी अशीच एकेक यंत्र बसवत वाढवली होती.

यंत्र पुरवणारी कंपनी पुण्याची होती. करारात मी एक अट घातली: संगणकानं आमच्याच खोलीत, ऐन उन्हाळ्यात, आठवडाभर न थांबता आमचं खरं काम करून दाखवायचं. त्यानंतरच मी ताबा घेतल्याची सही करीन.

कंपनीचे मॅनेजर हसले. "मॅडम, आम्ही पुण्यात चाचणी घेऊनच पाठवतो. अशी अट कुणी घालत नाही."

"पुण्यात आमचा मे महिना नसतो," मी म्हटलं. अट राहिली.

यंत्र आलं. कपाटाएवढा मुख्य भाग, शेजारी माहिती साठवणारं डिस्कचं युनिट, आणि गोदामात ठेवायचे पडदा-कळफलकाचे टर्मिनल. दार लहान पडलं म्हणून गवंडी बोलावून चौकट काढावी लागली. इकडे आबांनी उद्घाटनाचा दिवस ठरवूनही टाकला: आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया. माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, पाहुणे मोकळे असतात. एका मोठ्या पुढाऱ्याला बोलावणं गेलं, पत्रिका वाटल्या गेल्या.

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात चाचणी सुरू केली. सुरुवात झकास झाली. गोदामातून सुट्या भागांची मागणी टर्मिनलवर यायची आणि मुली धडाधड पावत्या छापायच्या. पण एका दुपारी डिस्कचं युनिट तापून बंद पडलं. पुन्हा चालू केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

मॅनेजर धावत आले. "मॅडम, दोष तुमच्या विजेचा आहे. दाब वरखाली होतो."

"होतो ना. म्हणून तर करारात स्टॅबिलायझर तुमच्याकडे दिलाय."

"बघतो आम्ही. पण आज सही करून टाका. उद्घाटन तोंडावर आलंय. बारीकसारीक नंतर बघू."

मी नाही म्हटलं. ते तडक आबांकडे गेले. थोड्या वेळानं मलाही बोलावणं आलं. आबांच्या पुढ्यात पत्रिकांचा गठ्ठा होता आणि चेहरा उतरलेला होता.

"ताई, सही करी दिधी तर काय व्हई?"

"यंत्र आपलं होईल, आबा. आणि त्याचा बिघाडही आपला होईल. आज तो त्यांचा आहे."

"आनि नही करी तर?"

"तर ते दुरुस्त केल्याशिवाय इथून हलणार नाहीत. नारळ फोडायचा तर फोडा, पण सही मी करणार नाही."

माझा आवाज स्थिर होता याचं मला आजही बरं वाटतं. आबांनी पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. मग शेजारी बसलेल्या मॅनेजरांना ते म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या. आधी दुरुस्त करा."

आखाजीला मांडव होता, पुढारी होते, गर्दी होती. आबा माईकपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन आजून पास व्हयेल नही. पास व्हयनं म्हंजे परत बलावसू." आधी पुढारीच हसले आणि मग सगळा मांडव हसला. लोक आमरस-पुरणपोळी जेवून घरी गेले. मी मागच्या रांगेत उभी होते. अध्यक्ष सर्वांसमोर माझ्या बाजूनं उभे राहिले, याचा मला फार आधार वाटला.

दोन दिवसांनी कंपनीनं एक अनुभवी इंजिनिअर पाठवला. त्यानं डिस्कचं युनिट उघडलं आणि मला हाक मारली. हवेची जाळी कापसाच्या बारीक तंतूंनी पार गुंडाळली गेली होती, जणू आत कुणी गोधडी शिवायला घेतली होती. आत हवाच जात नव्हती. वीज एकटी दोषी नव्हती.

"खोली तपासायला आमचा माणूस आला होता ना?" त्यानं विचारलं.

मी आठवून पाहिलं. "आला होता. पण त्या दिवशी गिरणीला साप्ताहिक सुट्टी होती. यंत्रं बंद, हवा स्वच्छ."

तो कपाळाला हात लावून खाली बसला. मग आम्ही दोघंही हसत सुटलो.

पुढचं सोपं होतं, फक्त कष्टाचं. खोलीला एकापुढे एक अशी दोन दारं बसवली. गाळलेली हवा आत ढकलणारा पंखा लावला, म्हणजे दार उघडलं तरी तंतू आत शिरायचे नाहीत. वातानुकूलन वाढवलं, स्टॅबिलायझर बदलला. सगळं कंपनीनं केलं, कारण यंत्र अजून त्यांचंच होतं. चाचणी पहिल्यापासून सुरू केली. बाहेर धुळीची वावटळ, पत्रे तापलेले, आणि आत यंत्र एकसुरात घुमत होतं. आठवडा पार पडला. मी सही केली. मॅनेजरांनी सुस्कारा टाकला आणि पेढे मागवले.

गोदामानंतर पावसाळ्यात हजेरी संगणकावर आली, आणि कापसाच्या हंगामात खरेदी. प्रत्येक वेळी जुनी पद्धत काही आठवडे सोबत चालू ठेवली, दोन्हीकडचा मेळ बसला की मगच ती थांबवली. कामगार आधी कुरकुरले. मग हजेरीच्या तक्रारी लवकर मिटायला लागल्या आणि कुरकुर थांबली.

वर्षभरानं मॅनेजरांचा फोन आला. विदर्भातल्या एका गिरणीला ते संगणक देत होते.

"मॅडम, तुमची ती चाचणीची अट जशीच्या तशी मिळेल का? आमच्या नव्या करारात घालायची आहे."

"अवश्य," मी म्हटलं. "त्यात एक ओळ वाढवून देते: खोलीची पाहणी गिरणी चालू असतानाच करावी."