राणीचा हार

मनिषाला सवत होती, आणि ती दोन सीटची होती.

तिच्या नवऱ्याने, कोन गावच्या प्रितेश भगतने, जमिनीचे पैसे आल्यावर बंगला बांधला, मोठी गाडी घेतली, तोवर तिची काही तक्रार नव्हती. मग त्याने छोटं विमान घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं राणी. दर रविवारी पळस्प्याच्या पुढे एका खासगी धावपट्टीवर जाऊन हे महाशय राणीला आंघोळ घालायचे, मऊ फडक्याने पुसायचे. बायकोची नवी साडी ज्याला दिसत नसे, त्याला राणीच्या पंखावरचा ओरखडा लांबून दिसायचा. मनिषाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दसऱ्याला गाड्यांना हार घालतात, तसा राणीलाही आला. मनगटाएवढा जाड, झेंडूचा, खास दादरहून मागवलेला. घरच्या देवांना मात्र नाक्यावरचा. मनिषासाठी गजरा आणायचं तर साहेब विसरूनच गेले होते.

पूजा झाली. उडताना हार चालत नाही म्हणून प्रितेशने तो उतरवून मनिषाच्या हातात दिला. "नीट सांभाळ. आल्यावर परत घालायचा हाय हिला."

परत घालायचा! राणी वर गेल्यावर मनिषा तो हार घेऊन धुमसत राहिली. धावपट्टीच्या कडेला एका बुटक्या बांबूवर वाऱ्याची दिशा दाखवणारी लाल कापडी पिशवी होती. वारा नसल्याने ती मरगळून लोंबत होती. मनिषा विमानाच्या शेडमधली खुर्ची आणून तिच्यावर चढली आणि तिने अख्खा हार पिशवीसकट बांबूला गच्च गुंडाळला. आता घाला म्हणावं राणीला!

थोड्या वेळाने शेडचे पत्रे खडखडायला लागले. बघता बघता सोसाट्याचा वारा सुटला, आणि त्याच वाऱ्याला पाठीवर घेऊन राणी उतरायला आली. चाक आपटलं, एक पंख जमिनीला लागता लागता राहिला, आणि विमान कसंबसं पुन्हा वर गेलं.

शेड राखणारा उदयसिंह धावपट्टीकडे पळत ओरडला, "वहिनी, भाऊ उलट्या बाजूने येतायत! वाऱ्याच्या समोरून उतरायचं असतं, पिशवी बघून. ती दिसत नाय का त्यांना?"

मनिषा बांबूकडे धावली. ती खुर्चीवर चढली. स्वतःच मारलेल्या गाठी सुटेनात, तेव्हा तिने दातांनी दोरा तोडला. "ने गं बाई, रोज ने त्याला," ती राणीलाच विनवत होती, "पण आज परत आण." हार तुटून खाली पडला. पिशवी फडकन फुगली आणि आडवी झाली.

वर घिरट्या घालणारं विमान वळलं. या खेपेला ते दुसऱ्या टोकाकडून आलं, डुलत, हेलकावत, आणि टेकलं.

मनिषा धापा टाकत पोचली तेव्हा प्रितेश राणीच्या नाकाला मिठी मारून रडत होता.

"हिनं वाचवलं मला, मनिषा. दुसरी कोण असती तर आज मी नसतो. पाया पड हिच्या."

हिनं नाय, मी, असं मनिषाच्या अगदी ओठांवर आलं. पण मग पिशवी बांधली कोणी, हेही सांगावं लागलं असतं.

तिने पदर सावरला आणि वाकून राणीच्या चाकाला हात लावला.