विकतचं पाणी

जर्मनीत लेकीच्या दारात पोचले आणि पायातल्या चपला काढायच्या आधीच मी आमच्या घरची रीत मोडली. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला, मी उभ्या-उभ्या घटाघटा संपवला. आमच्या इंदापूर-बारामतीकडच्या पुष्कळ घरांत अजून पाळतात ती रीत. लेकीला पहिलं मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. एकदा लेक दिली की तिच्या घरचं घ्यायचं नसतं, असं जुनी माणसं सांगत. आमच्या गावी, बावड्याच्या शाळेत मी जन्मभर पोरांना शिकवलं, पण हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. आमच्या मालकांना मात्र ते न पटवताच पटलेलं होतं.

त्यांनी ग्लासाकडं पाहिलं, लेकीकडं बघून हसले आणि पिशवीतून विमानतळावर विकत घेतलेली बाटली काढली. ‘हाय माझ्याकडं,’ म्हणाले. लेकीनं ग्लास आत नेऊन ठेवला. पुढं रोज तेच. आम्ही फिरून आलो की ती कुलूप उघडून आधी आत शिरायची, ग्लास भरून दारात यायची, आणि ह्यांची बाटली तयारच असायची.

जेवणाचा बंदोबस्त तर बावड्याहूनच होता. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, तूरडाळ. बॅगेचं वजन त्यातच संपलं आणि माझ्या साड्या हातातल्या पिशवीत आल्या. लेकीच्या शेगडीवर मी ह्यांच्या पिठाची भाकरी थापायची, हे ती ह्यांच्या चटणीशी खायचे.

‘आन् शेगडी लेकीची न्हाय व्हय?’ मी विचारलं.

‘वीज सरकारची हाय,’ हे म्हणाले.

हा माणूस वकील व्हायचा, उगाच शेडनेटमध्ये ढोबळी मिरची लावत बसला.

मला हसू यायचं, तोवर एके सकाळी स्वयंपाकघरात लेकीनं मला सांगितलं. ‘आई, समदे उपाय करून झाले. आमाला मूल होणार न्हाय. आता आमी दोघांनी थांबायचं ठरवलंय.’ मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही, रडणं आधीच होऊन गेलं असावं. तिला काळजी वेगळ्याच गोष्टीची होती. ‘आबांना कसं सांगू? म्हंजी ते आता कधीच माझ्या घरी जेवणार न्हाईत.’ मी सांगते म्हणाले, तर नको म्हणाली. माझं मीच सांगेन.

पण सांगणं होईना. ह्यांचं आपलं चालूच. ‘एकदा नातवंड येऊ दे, मग बघ, तुझ्या सैपाकघरातनं हलतोय का मी!’ मायेनंच म्हणायचे, त्यात खोट काही नव्हती. ते ऐकलं की लेक काहीतरी आणायच्या निमित्तानं उठायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका रविवारी दुपारी ती म्हणाली, चला, आज इटालियन हॉटेलात जेवू. जावई कामासाठी परगावी गेले होते, म्हणून आम्ही तिघंच. तिचा डाव मला लगेच कळला. हॉटेल काही कुणाच्या लेकीचं घर नसतं. बापासमोर बसून एकदा तरी जेवायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. ह्यांनी अट घातली की बिल मीच देणार. ‘द्या की,’ लेक म्हणाली.

हॉटेल तिच्याच गल्लीच्या टोकाला. फुटपाथवर झाडाखाली चार टेबलं, आणि मालकीणबाई माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, कमरेला एप्रन, आवाज आमच्या भाजीबाजारातल्या बायकांसारखा खणखणीत. लेकीला पाहून त्यांनी तिचे दोन्ही गाल धरले. मग ह्यांच्याशी मोकळेपणानं हात मिळवला. हे इतके लाजले की मला लग्नातले हे आठवले.

ताटली आली तर तीत शेवयांसारखा लांब पास्ता आणि तेलात परतलेल्या, काकडीसारख्या हिरव्या चकत्या.

‘पोरी, ही तर आपली झुकिनी!’ हे म्हणाले.

आमच्या शेडनेटमधून किती वर्षं क्रेटच्या क्रेट पुण्याला जातात, पण घरात ती भाजी कधी शिजली नाही. चवच न्हाय त्या वाणाला, असं ह्यांचं ठाम मत. आता पहिला घास घेतला आणि हे थांबले. ‘म्हंजी मी लोकांना इतकं चांगलं पाठवत होतो?’ लेक किती दिवसांनी मोकळं हसली! पास्ता काट्याला दाद देईना, तेव्हा ह्यांनी सरळ हात घातला. मी इकडंतिकडं पाहिलं आणि मीही घातला.

सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात हे म्हणाले, ‘पुढच्या टायमाला येऊ तवा तुझ्याकडं पाळणा हलत असंल. मग हितं कशाला, तुझ्या घरीच जेवू.’

लेकीनं काटा खाली ठेवला.

‘आबा, पाळणा न्हाय हलायचा.’

‘म्हंजी?’

‘समदे डाक्टर झाले. आमाला मूल होणार न्हाय. तुमी तुमची रीत पाळा, माझं काय म्हणणं न्हाय. पर एकदा तोंडानं सांगून टाका, तुमी माझ्या घरी कधीच जेवणार न्हाय. म्हंजी मी रोज ग्लास भरायचा सोडून देईन.’

ह्यांचा हात ताटलीतच राहिला. मला वाटलं, आता उठून जातील. पण वाढलेलं अन्न टाकून उठणं ह्यांच्या रक्तात नाही. मान खाली घालून एकेक घास गिळत राहिले. पास्ता संपला, तसा टोपलीतला ब्रेड घेतला आणि भाकरीनं कालवण पुसावं तशी ताटली लख्ख पुसून काढली.

मालकीणबाई ते बघत होत्या. आमच्यात काय झालं ते त्यांना काय माहीत! आनंदानं टाळी वाजवून काहीतरी बोलल्या, आत गेल्या आणि कॉफीत भिजवलेल्या केकसारखं काहीतरी मऊ, गोड घेऊन आल्या. वाटी ह्यांच्यापुढं ठेवली.

‘त्यांचे वडील अशीच ताटली पुसायचे म्हणतात,’ लेकीनं डोळे पुसत सांगितलं. ‘हे त्यांच्याकडनं. बिलात धरायचं न्हाय.’

ह्यांनी बाईंना हात जोडले, चमचा उचलला आणि खायला लागले. तिथं माझा तोल सुटला.

‘काय वो, ही बाई तुमची कोण?’

‘कोण न्हाय.’

‘मग तिचं फुकटचं गोड बरं चाललं तुमाला? आन् जिला खांद्यावर बसवून निमगावचा बाजार दाखवला, तिच्या घरचं पाणी तेवढं चालत न्हाय?’

ह्यांनी वाटी संपवली, बिल दिलं, टेबलावरची आपली बाटली उचलली. आम्ही घराकडं निघालो. मी जरा जास्त बोलले का, असं वाटेत मनात आलं. पण परत घ्यावा असा त्यात एकही शब्द सापडला नाही.

लेकीनं कुलूप उघडलं आणि ती आत गेली. ग्लास घेऊन काही आली नाही. मी चपला काढल्या. हे मात्र उंबऱ्याबाहेरच उभे.

‘आपल्याकडं बाहेरनं आलेल्याला पाणी विचारायची रीत हाय का न्हाय?’ त्यांनी तिथूनच हाक दिली.

लेक आतल्या दारात येऊन उभी राहिली. ‘बाटली हाय की तुमच्या हातात.’

‘ती संपली,’ हे म्हणाले. बाटली अर्धी भरलेली होती.

तिनं ग्लास आणला. ह्यांनी गावाकडं पितात तसं, मान वर करून, वरून पाणी ओतून घेतलं. अर्धं सदऱ्यावर सांडलं. ‘अजून दे,’ म्हणाले. तेही प्यायले. मग आत आले, जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

‘भाकरी टाक.’

‘आबा, आत्ता तर जेवलासा!’

‘ते हॉटेलात.’

मी सवयीनं आमची पिठाची पिशवी घ्यायला उठले. ‘ती न्हाय,’ हे म्हणाले. ‘तिच्या डब्यातलं घे म्हणावं.’

‘माझ्याकडं गव्हाचंच हाय,’ लेक म्हणाली.

‘चालंल.’

चपातीनं शेतकऱ्याचं पोट भरत न्हाय, हे वाक्य मी संसारभर ऐकत आले आहे. लेकीनं घाईघाईनं लाटली, त्यामुळं चपाती एका कडेला जाड झाली आणि दुसरीकडं करपली. सोबत तिच्या फ्रिजमधलं लोणचं. गच्च भरलेल्या पोटानं हे ती चपाती खात होते, आणि लेक शेजारी उभी राहून म्हणत होती, ‘आबा, अजून एक घ्या.’

ह्यांनी ताट पुढं केलं.