बिडकीनच्या गिरणीवर मुनीरभाई

शेंद्र्याला कारखान्यातली आग विझल्यावर मी कॅमेरा आवरत होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला. मुनीरभाई सकाळी चहा पिता पिता गेले... हृदयविकार. मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसलो. आज दीड महिना झाला, पण कुठं पोचलो की अजून मागं वळून त्यांना शोधतो.

मुनीर पठाण वृत्तवाहिनीचे गुन्हे वार्ताहर आणि मी त्यांचा कॅमेरामन. अठरा वर्षं आम्ही एकाच मोटारसायकलवर फिरलो. वाळूजमधल्या खुनाच्या ठिकाणी बाकीचे वार्ताहर पोलिसांना गाठायचे. हे आधी मृताच्या घरच्यांना कुणी पाणी दिलंय का ते बघायचे. शहरात त्यांचा दरारा होता. माझ्या मनात मात्र त्यांची उंची वाढली ती त्यांच्या एका चुकीनंतर.

बिडकीनच्या आठवडी बाजारात गर्दीनं लताबाईंना पकडलं होतं. कडेवर परक्याचं लेकरू, म्हणून मूल चोरणारी ठरवलं. मी चेहरा टिपला, मुनीरभाईंनी नाव सांगितलं, आणि दुपारपर्यंत बाई घराघरात दिसल्या. संध्याकाळी उलगडा झाला. लेकरू हरवलं होतं आणि बाई त्याला पोलीस चौकीवर नेत होत्या. पोलिसांनी त्यांना सोडलं. आमच्याकडं तोवर दुसरी बातमी चालू झाली होती.

दोन महिन्यांनी वेगळ्याच कामानं बिडकीनला गेलो, तेव्हा कळलं की लताबाईंच्या पिठाच्या गिरणीवर कुणी फिरकत नाही. बाया दोन गल्ल्या पलीकडं दळण नेत होत्या. मुनीरभाई हातातलं काम सोडून थेट गिरणीवर गेले. बाईंनी त्यांना ओळखलं. त्या ओरडल्या नाहीत, बंद जात्यावरची धूळ पुसत म्हणाल्या, "तुमच्या टीव्हीनं मला चोर केलं. आता मी कोण हाय ते बी तुमीच सांगा."

मुनीरभाई उंबऱ्यावर बसले. मग मला म्हणाले, "दत्ता, कॅमेरा मेरे पे लगा."

मी लावला. ते थेट कॅमेऱ्यात बघून बोलले. "या बाईंनी मूल चोरलं नव्हतं, सांभाळलं होतं. काहीही न विचारता त्यांचा चेहरा दाखवणारा माणूस मी, मुनीर पठाण."

वरच्या ऑफिसनं एवढ्या जुन्या बातमीची माफी दाखवायला नकार दिला. हे लागेपर्यंत माझ्याकडून दुसरी बातमी येणार नाही, असं मुनीरभाईंनी कळवलं. त्यांच्या घरी दोन मुली शिकत होत्या. नोकरीची धास्ती मला वाटत होती, ते मात्र शांत. चौथ्या दिवशी बातमी लागली.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी ते ज्वारीची थैली घेऊन माझ्या दारात हजर! असे कितीतरी बाजार आम्ही गेलो. रिकाम्या गिरणीसमोर ते दळण घेऊन उभे राहायचे. लोक टीव्हीवाल्याला ओळखून थांबायचे, आणि ते प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचे, स्वतःची चूक न गाळता. एवढ्या नावाजलेल्या माणसाला हे कसं जमत असेल, मी नुसता बघत राहायचो... हळूहळू एक डबा आला, मग दुसरा. एके दिवशी तर आमच्या पुढं रांग होती. लताबाई म्हणाल्या, "भाऊ, आज तुमचा नंबर लई मागं हाय." मुनीरभाई हसले, आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

त्यानंतर त्यांनी एक नेम धरला. ज्याचा चेहरा आम्ही दाखवला, त्याच्या खटल्याचा निकाल ऐकायला ते कोर्टात जायचे, वाहिनीला नको असला तरी. शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसायचे. कुणी निर्दोष सुटला की त्याची बातमी भांडून लावायचे.

गेल्या आठवड्यात असाच एक निकाल होता. मी एकटा गेलो. बाक भरला होता, पण भिंतीच्या कडेची जागा मोकळी. शिपाई ओळखीचा. त्यानं ती हातानं पुसली आणि हळूच म्हणाला, "बसा. भाईंची जागा हाय."

मी बसलो. आरोपीचं नाव पुकारलं, तेव्हा पहिल्यांदाच कॅमेऱ्याशिवाय त्याच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं.