शिवेवरची पाटी

धामणखेडे हे गाव सोलापूरच्या दक्षिणेला होते, असेच आता म्हणावे लागते. मायाप्पाच्या ऐन उमेदीत ते शहरात विरून गेले. कुरणावर गिरणीच्या चाळी उठल्या, ओढ्यावरून सडक गेली, आणि पत्ता सांगताना लोक 'गिरणीमागे' एवढेच सांगू लागले. मायाप्पाने मेंढरे विकली आणि तो गिरणीच्या आवारात पहारेकरी झाला. खांद्यावरची घोंगडी मात्र त्याने सोडली नाही. मी त्याच्या शेजारच्या चाळीत खोली घेऊन राहत असे. तो माणूस मोजकेच बोले, आणि बहुधा गावाविषयीच बोले.

गावाकडून त्याच्याकडे एकच गोष्ट आली होती: शिवेच्या दगडाचा मान. दसऱ्याला सारे गाव शिलंगणाला निघाले की दगडाला पहिला शेंदूर मायाप्पाच्या घरचा लागे, आणि तो लागल्याखेरीज कोणी शीव ओलांडत नसे. सडक रुंद करताना तो दगड खडीखाली गाडला गेला. पुढची काही वर्षे मंडळी दसऱ्याला सडकेपर्यंत येत, तेथे घुटमळत आणि तशीच परतत. ओलांडायची शीव कोणती, हेच कोणाला सांगता येईना.

सन १९३३च्या सुमारास म्युनिसिपालिटीने ठरवले की, शहरात सामावलेल्या जुन्या गावांची नावे लोपू नयेत म्हणून त्या त्या जागी पाट्या लावाव्यात. धामणखेड्याची पाटी त्याच सडकेच्या कडेला आली. लोखंडी खांब, निळा रंग, पांढरी अक्षरे. मायाप्पाला अक्षरओळख नव्हती. त्याने खांब रोवून घेणाऱ्या चनबसप्पा मुकादमाला विचारले,

"काय लिवलंय?"

"धामणखेडे. तुमचंच गाव की हो, मायाप्पा."

"आन् खाली?"

"जुने गाव. एवढंच."

मायाप्पाने पायांतल्या वहाणा काढल्या आणि पाटीला हात जोडले.

त्या दसऱ्याला लोक पाटीपाशी जमले. कोणी कोणाला बोलावले नव्हते. मायाप्पाने तेलात कालवलेला शेंदूर पाटीला लावला. त्याच्यामागून धाकट्या चुलतभावाने, सिदूने लावला, आणि मग घरटी एकेकाने. शेवटी निळा रंग दिसेनासा झाला. किती वर्षांनी धामणखेड्याने शीव ओलांडली.

आठवड्याने चनबसप्पा आला. पाटीकडे पाहून तो कपाळावर हात मारून खाली बसला.

"पाटी वाचायची असतीय हो. पुजायची न्हाय."

"शिवंचा देव हाय त्यो," मायाप्पा म्हणाला.

"असंल. साहेब बघून गेले. अक्षर दिसलं न्हाय तर खांब उपटून आणा म्हणाले. एकदा उपटला की पुन्हा हितं पाटी यायची न्हाय. पाटीला न्हाय आणि खांबालाबी न्हाय, कुटंच काय लावू नका."

सिदू म्हणाला, "तुमच्या साहेबाला आना की हितं. त्येलाबी लावतो थोडा."

"लाव बाबा. माझी नोकरी गेल्यावर लाव."

चढवलेला शेंदूर माणसाने उतरवायचा नसतो, तो आपणहून गळावा लागतो, अशी त्या लोकांची श्रद्धा. मायाप्पा दोन दिवस नीट जेवला नाही. त्याच्या बायकोने, गोजाबाईने विचारले,

"ज्या हातानं लावला त्याच हातानं काडनार व्हय?"

"दुसऱ्यानं काडला तर पाप त्येला लागंल. नाव तर ऱ्हायला पायजे."

"सिदूभावजी काय म्हनतील?"

"म्हनू दे."

ती आत गेली आणि रॉकेल व चिंध्या घेऊन आली.

त्याने भर दुपारी पाटी पुसली. चाळींच्या ओसऱ्यांवर माणसे उभी होती. सिदू जवळ येऊन म्हणाला, "देवाची कातडी सोलतुयास की, दादा." मायाप्पाने मान वळवली नाही. अक्षरे पुन्हा पांढरी झाली. त्यानंतर वर्षभर सिदू त्याच्या दारात आला नाही.

पुढच्या दसऱ्याला सिदू शेंदराची वाटी घेऊन सर्वांच्या पुढे आला. मायाप्पा खांबाला पाठ लावून उभा होता.

"हितं लावू नगा," तो म्हणाला.

"मग कुटं लावू? सडकंवर, लोकांच्या पायाखाली?"

मायाप्पा खांबापासून हलला नाही.

"का तुज्या डोक्याला लावू?"

"लाव," मायाप्पा म्हणाला, आणि त्याने डोक्याचा पटका काढून गोजाबाईकडे दिला.

कोणी हसले नाही. सिदू वाटी धरून तसाच उभा होता. बराच वेळ. मग त्याने बोट बुडवले आणि थोरल्या भावाच्या कपाळाला टेकवले. मागून एकेक जण आला. कोणी कपाळाला लावला, कोणी नुसते पायांना शिवले. तेल मायाप्पाच्या भुवयांवरून ओघळले, ते त्याने पुसले नाही. पाटी कोरडी राहिली.

मंडळी शीव ओलांडून पलीकडे गेली. गोजाबाई मात्र पटका हातात घेऊन मागे थांबली होती.

"तुमी चला की," ती म्हणाली.

"म्या कसा येऊ? शिवंचा शेंदूर मला लागलाय. तू जा, म्या हितं हाय."